गाळा दुसऱ्या पेठेत: परभणीत वर्षभर वापरलेल्या निन्टेंडो स्विचचे परीक्षण

गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या परभणीच्या घरात निन्टेंडो कंपनीचा स्विच ओएलईडी हा कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळण्याचे यंत्र, आहे. आग्रह भाच्याचा होता, पैसे माझे गेले आणि सर्वांत नियमित वापर माझ्या आईने केला, ही गोष्ट घेताना कोणी सांगितली असती तर मी हसलो असतो. यंत्र ऑक्टोबर २०२१ पासून बाजारात आहे आणि त्याचा पुढचा अवतार जून २०२५ मध्ये आला, त्यामुळे हे परीक्षण उशिराचे आहे हे मान्य करतो. पण जुना घ्यावा की नवा, मुळात घ्यावा की नाही, असे विचारणारे ओळखीतले लोक अजून भेटतात आणि प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहिलेले बरे.

लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. यंत्र चांगले की वाईट यावर आमच्या घरात फारसा वाद झालाच नाही. वाद पेटला तो कंपनीच्या धोरणावर, आणि तो वर्षभर धुमसत राहिला. भाचा छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या खोलीत मित्राचे प्लेस्टेशन ५, म्हणजे सोनीचा कन्सोल, आहे, त्यामुळे दोन्ही यंत्रे हाताळलेला घरात तो एकटाच. त्याचे म्हणणे असे की, ''मामा, निन्टेंडो स्पर्धाच करत नाही. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट एकमेकांची डोकी फोडतात, ही बाजूला उभी राहून पैसे मोजते.'' त्याचे वडील, म्हणजे आमचे दाजी, तीस वर्षे मोंढ्यात अडत चालवतात. त्यांनी चहाचा कप खाली ठेवून सांगितले, ''स्पर्धा करत नाही म्हणणारा व्यापारी एक तर खोटं बोलतो, न्हाईतर त्याचा गाळा दुसऱ्या पेठेत असतो.'' मी वाणिज्य शाखेत शिकवतो. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनी १९८० मध्ये मांडलेली तीन धोरणे, म्हणजे खर्चात आघाडी, वेगळेपण आणि एका गटावर एकवटलेले लक्ष, मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. त्यामुळे निवाडा माझ्याकडे येणे स्वाभाविकच होते. वर्षभराच्या वापरानंतर माझे मत दाजींच्या वाक्याच्या उत्तरार्धाकडे झुकले आहे. त्याला एक पुस्तीही जोडावी लागते, ती ओघात येईलच.

आधी यंत्र. सात इंचांचा पडदा, दोन्ही बाजूंना सरकवून बसवायचे जॉय-कॉन नावाचे छोटे कंट्रोलर आणि एक डॉक, म्हणजे यंत्र उभे खोचून टीव्हीला जोडण्याची बैठक. जॉय-कॉन लावून वजन सुमारे ४२० ग्रॅम भरते. हातात धरून खेळताना चित्र ७२० ओळींचे असते, टीव्हीवर १,०८० ओळींपर्यंत जाते. आजच्या मानाने हे आकडे मामुली आहेत आणि आतली एनव्हिडियाची चिप तर २०१५ च्या घराण्यातली आहे. प्लेस्टेशन ५ शेजारी ठेवून दोन्हींवर फुटबॉलचा गेम लावला, तर फरक ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. भाचा सुटीत आला की पहिला टोमणा यावरच मारतो.

परंतु ओएलईडी पडद्याचे रंग खरोखर सुरेख आहेत. काळा तो काळाच दिसतो, आणि संध्याकाळी गच्चीवर सतरंजी टाकून, यंत्राच्या पाठीमागचा रुंद पाय उघडून ते पाण्याच्या तांब्याशेजारी उभे केले की चार माणसांना दाटीवाटीने का होईना, दिसते. मागचा पाय पूर्ण रुंदीचा असल्यामुळे वाऱ्याने किंवा लेकरांच्या धक्क्याने यंत्र पडत नाही. दोन जॉय-कॉन सुटे करून आडवे धरले की दोन खेळाडूंची सोय त्याच किमतीत होते, वेगळा कंट्रोलर घ्यावा लागत नाही. आमच्याकडे मे महिन्यात संध्याकाळी वीज जाणे ही बातमी नसते. प्लेस्टेशन ५ खेळताना साधारण दोनशे वॅट ओढते आणि वर टीव्ही लागतो, म्हणजे इन्व्हर्टरवर पंखा चालवायचा की खेळ, हे आधी ठरवावे लागते. स्विचच्या चार्जरची कमाल क्षमताच ३९ वॅट आहे आणि बॅटरीवर, गेम कोणता यानुसार, साडेचार ते नऊ तास निघतात असे कंपनी सांगते. आमच्याकडे मोटारींच्या शर्यतीला पाच-साडेपाच तास मिळतात. वीज गेली तरी शर्यत थांबत नाही, घरात फक्त उजेड तेवढा कमी होतो.

गेम येतात ते अंगठ्याच्या नखाहून थोड्या मोठ्या कार्ट्रिजवर. आमच्या भागात कागदावर ब्रॉडबँड आणि प्रत्यक्षात मोबाइलचा हॉटस्पॉट अशी स्थिती अनेक घरांत आहे, अशा ठिकाणी याचे मोल वेगळेच आहे. प्लेस्टेशनचा मोठा गेम डिस्कवर घेतला तरी शंभर जीबीच्या आसपास जागा आणि वर अपडेटचे भारे मागतो. स्विचचे कार्ट्रिज खोचले की बहुतेक गेम तसेच सुरू होतात. या कार्ट्रिजवर कंपनीने मुद्दाम डेनाटोनियम बेंझोएट नावाच्या अतिकडू द्रव्याचा थर दिलेला असतो, कारण वस्तू इतकी लहान आहे की लेकरू ती गिळू शकते. धाकट्या भाचीने नको तो प्रयोग केला आणि ती पाऊण तास गूळ खात बसली होती. कडुनिंबाचा पाला त्यापुढे गोड, असे तिचे प्रमाणपत्र आहे.

हे सगळे वाचून कोणाला वाटेल की यंत्र भारनियमन डोळ्यांसमोर ठेवूनच बनवले असावे. अर्थातच तसे नाही, पण यामागे एक जुना विचार आहे आणि आमच्या वादाची पहिली गाठ तिथेच सुटली. निन्टेंडोची स्थापना १८८९ मध्ये क्योटो शहरात, हानाफुदा नावाचे पत्ते बनवण्यासाठी झाली. पुढे गुनपेई योकोई नावाच्या तिथल्या अभियंत्याने असा विचार रुजवला की, तंत्रज्ञान जुने आणि स्वस्त झाले, त्याचे गुणदोष पुरते कळले, की मग ते कोणी न योजलेल्या कामाला लावावे. बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेला त्यांनी पाहिला आणि कॅल्क्युलेटरच्याच स्वस्त पडद्यांतून १९८० मध्ये गेम अँड वॉच ही खिशातली खेळणी निघाली. १९८९ चा गेम बॉय हे त्याचे पुढचे पाऊल. पडदा हिरवट, रंग नाहीत, पण चार पेन्सिल सेलवर दिवसच्या दिवस चाले. पुढच्या वर्षी सेगा कंपनीने रंगीत पडद्याचा गेम गिअर आणला, तो सहा सेल काही तासांत गिळत असे. रंगीत यंत्राची विक्री सुमारे एक कोटीवर थांबली, तर गेम बॉय त्याच्या पुढच्या रंगीत आवृत्तीसह ११ कोटी ८७ लाखांपर्यंत गेला.

ही गोष्ट मी सांगितली तेव्हा भाचा म्हणाला, ''बघा, म्हणजे ताकदीच्या शर्यतीत उतरलेच नाहीत.'' दाजींचे उत्तर मला अधिक पटले. त्यांच्या मते सेगा आणि निन्टेंडो दोघेही गिऱ्हाइकाच्या त्याच खिशासाठी झटत होते, एकाने रंगाची बोली लावली आणि दुसऱ्याने सेलच्या खर्चाची. स्वस्तात निभावणे हीसुद्धा बोलीच असते. मोंढ्यात दोन अडते एकाच शेतकऱ्याच्या गाडीसाठी भांडतात, तेव्हा एक भाव वाढवून देतो आणि दुसरा पैसा हातोहात मोजतो. दुसरा लिलावात ओरडत नाही म्हणून तो लिलावात नाही, असे कोणी म्हणत नाही.

भाच्याच्या बाजूनेही बोलायला जागा आहे, ती मी लपवत नाही. २००१ मध्ये निन्टेंडोने गेमक्यूब आणला, तेव्हा कंपनी सोनीच्या प्लेस्टेशन २ शी आणि मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सशी सरळ ताकदीच्या आखाड्यात उतरली होती. यंत्र दुबळे नव्हते, तरी ते २ कोटी १७ लाखांवर अडले आणि प्लेस्टेशन २ पंधरा कोटींच्या पुढे गेला. त्यानंतर अध्यक्ष सातोरू इवाता यांच्या काळात कंपनीने रस्ता बदलला. प्रतिस्पर्ध्यांनी गजबजलेले पाणी सोडून मोकळ्या निळ्या सागरात जावे, हा चॅन किम आणि रेने मोबोर्न यांचा विचार २००५ च्या सुमारास व्यवस्थापनाच्या वर्गांत गाजत होता, आणि कंपनीच्या अमेरिकेतील अधिकाऱ्यांनी आपल्या धोरणाला तेच नाव दिले. २००६ चा वी हा कन्सोल हात हलवून खेळायचा होता. अमेरिकेत त्याची किंमत २५० डॉलर होती, तर त्याच हंगामात आलेला प्लेस्टेशन ३ पाचशे आणि सहाशे डॉलरचा होता. सोनी प्रत्येक यंत्रामागे तोटा सोसत होती, निन्टेंडो पहिल्या दिवसापासून नफा घेत होती. ज्यांनी आयुष्यात कंट्रोलर धरला नव्हता त्यांनी वी घेतला आणि आकडा १० कोटी १६ लाखांवर गेला. या एका दाखल्यावर भाच्याची सगळी मांडणी उभी आहे, आणि दाखला भक्कम आहे.

पण निळ्या सागराची गोष्ट सांगणारे पुढचे प्रकरण वगळतात. याच कंपनीने, याच विचाराने, २०१२ मध्ये वी यू आणला आणि तो १ कोटी ३६ लाखांवर संपला. नाव असे की हे नवे यंत्र आहे की जुन्याचा जोडभाग, हेच लोकांना उमगेना. त्याहून मोठे कारण असे की वीने ज्या नवख्या माणसांना खेळाकडे ओढले होते, त्यांच्या खिशात तोवर स्मार्टफोन आला होता आणि त्यावर गेम फुकट मिळत होते. त्याच्या आदल्या वर्षी थ्रीडीएस हे खिशातले यंत्र चालेना, तेव्हा कंपनीने काही महिन्यांतच त्याची किंमत २५० डॉलरवरून १७० वर आणली आणि इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. स्पर्धेत नसलेल्या माणसाला पगार कापून घ्यावा लागत नाही. निळ्या सागरालाही किनारा असतो आणि दुसऱ्याच्या होड्या तिथे पोहोचायला फार वर्षे लागत नाहीत, हे मी वर्गात सांगतो. घरात मात्र भाच्याने ते ऐकले नाही, म्हणून इथे लिहिले.

आमच्या गच्चीवरचा हा प्रश्न जून २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयातही उभा होता, हे मला नंतर वाचनात आले. मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम कंपनी ६,८७० कोटी डॉलरला घेण्याचे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केले होते, आणि बाजारातील स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या आयोगाला तो व्यवहार अडवायचा होता. आयोगाचे म्हणणे असे की अधिक ताकदीच्या कन्सोलची बाजारपेठ वेगळी आहे, तिच्यात एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन एवढेच येतात आणि स्विच तिच्या बाहेर आहे. मायक्रोसॉफ्टचे म्हणणे असे की निन्टेंडो हा त्याच बाजारातील खराखुरा प्रतिस्पर्धी आहे. पेठ लहान ठरली तर मायक्रोसॉफ्ट दांडगी दिसणार, मोठी ठरली तर ती तिघांपैकी एक दिसणार. न्यायाधीशांनी जुलैमध्ये व्यवहार थांबवण्यास नकार दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो पूर्ण झाला. दरम्यान फेब्रुवारीतच मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजनचा कॉल ऑफ ड्यूटी हा गाजलेला गेम निन्टेंडोच्या यंत्रांवर आणण्याचा दहा वर्षांचा करार करून ठेवला होता. दाजींनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ''म्हणजे पेठ केवढी, हे वकिलाची फी कोण देतंय त्यावर.'' यापुढे मला भर घालता आली नाही.

आता आईचा वापर. आई बहात्तर वर्षांची आहे, दोन्ही गुडघे दुखतात आणि टीव्हीचा रिमोटसुद्धा ती दुसऱ्याकडून दाबून घेते. मारिओ कार्ट ८ डिलक्स या शर्यतीच्या गेममध्ये दोन सोयी आहेत. एकीने गाडी रस्त्याबाहेर जाऊ लागली की आपोआप आत वळते, दुसरीने वेगाचे बटण दाबून धरावे लागत नाही. दोन्ही सुरू करून भाच्याने जॉय-कॉन तिच्या हातात आडवा दिला. पहिल्या फेरीत ती गाडीबरोबर स्वतःही डावीकडे झुकत होती आणि बारावी आली. चौथ्या दिवशी तिने वाटेतली केळीची साल मागच्या गाडीसाठी टाकायला शिकून घेतली आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला घसरवून सातवी आली. ''काहून रे, पडलास का?'' हा प्रश्न तिने पडद्याकडे पाहूनच विचारला. गाडी चालवण्याचे कौशल्य नसलेल्या माणसाला शर्यतीत ठेवायचे, पण कौशल्य असलेल्याला कंटाळा येऊ द्यायचा नाही, ही या गेमची खरी कारागिरी आहे. ती पडद्यावरील ओळींच्या संख्येत मोजता येत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या यंत्राला झुकते माप देईन, आणि कंपनीच्या धोरणाचा अर्थही मला त्या चौथ्या दिवशी जेवढा उमगला तेवढा आकड्यांतून उमगला नव्हता. पेठ दुसरी म्हणजे कोणती, तर ज्यात माझी आई गिऱ्हाईक होऊ शकते ती.

इतर गेमबद्दल थोडक्यात सांगतो. झेल्डा मालिकेतील २०१७ चा ब्रेथ ऑफ द वाइल्ड भाच्याने शंभरावर तास खेळला आणि २०१५ च्या चिपचा विषय त्या काळात काढला नाही. मला त्यात डोंगरावर चढण्यापलीकडे काही साधले नाही. क्रिकेटचा मनाजोगता गेम मला यावर सापडला नाही, आणि आपल्या घरांसाठी ती उणीव लहान नाही.

किमतीकडे वळतो, कारण दाजींचा सगळा राग तिथे होता. मारिओ कार्ट ८ मुळात मे २०१४ मध्ये वी यूवर आला, डिलक्स रूपात एप्रिल २०१७ मध्ये स्विचवर आला, सहा कोटींहून अधिक प्रती गेल्या, आणि तरी अमेरिकेत त्याची छापील किंमत सुरुवातीचीच, ६० डॉलर, राहिली. मला तो इथे साडेतीन हजारांना पडला. प्लेस्टेशनचे गेम वर्ष-दोन वर्षांत अर्ध्या किमतीला येतात, निन्टेंडोचे स्वतःचे गेम सहसा येत नाहीत. ''आठ-दहा वर्षांचा जुना माल नव्या भावानं? मोंढ्यात असं केलं तर शेतकरी पोतं डोक्यात घालील,'' असे दाजी म्हणाले. मी त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला की हेच ते वेगळेपणाचे धोरण आहे: मारिओ आणि झेल्डा दुसऱ्या कोणाच्या कन्सोलवर मिळत नाहीत, म्हणून भाव पाडण्याची गरज पडत नाही, आणि भाव पडणार नाही हे माहीत असल्यामुळे गिऱ्हाईकही थांबून राहत नाही. दाजींनी मान हलवली नाही.

आता या परीक्षणातील सर्वांत मोठा उणा मुद्दा. निन्टेंडो आपला कन्सोल भारतात अधिकृतपणे विकत नाही. अधिकृत दुकान नाही, दुरुस्ती केंद्र नाही आणि तिच्या ऑनलाइन दुकानात देशांच्या यादीत भारत नाही. सोनीने प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना भारतात आणला, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स त्याआधीच्या नोव्हेंबरमध्ये जगाबरोबरच इथे दिला. स्विच मात्र बाहेरून आयात करणाऱ्या व्यापाऱ्यांमार्फत येतो. आमचा पुण्यातील एका दुकानातून आला. तीस हजारांच्या आत मिळाला म्हणून आनंदात होतो, तर पेटीत जपानी बाजारातला दोन चपट्या पात्यांचा चार्जर निघाला. चार्जर आपल्या विजेवर चालतो, अडचण फक्त पात्यांची असते. पण दुकानदाराने जोडीला दिलेला अडॅप्टर इतका सैल होता की पहिल्याच रात्री भिंतीतून चरचर आवाज आला. फोन केला तर ''तो फ्री होता ना सर'' असे उत्तर मिळाले. इथल्याच इलेक्ट्रिकच्या दुकानातून साठ रुपयांचा घट्ट अडॅप्टर आणला आणि तो आजतागायत चालू आहे. वॉरंटी म्हणजे बिलावर मारलेला एक निळा शिक्का, त्याची परीक्षा पाहण्याची वेळ अजून तरी आलेली नाही.

ती येऊ शकते, हे घेणाऱ्याने धरून चालावे. जॉय-कॉनची दांडी हात न लावता आपोआप सरकू लागते, अशी तक्रार जगभर झाली, अमेरिकेत त्यावर दावे दाखल झाले आणि कंपनीचे अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांनी जून २०२० मध्ये त्रासाबद्दल क्षमा मागितली. आमच्याकडे तसे झालेले नाही, पण झालेच तर यंत्र पुण्यामुंबईच्या एखाद्या कारागिराकडे कुरिअरने पाठवावे लागेल. उन्हाचेही भान ठेवा. कंपनी हे यंत्र ५ ते ३५ अंश तापमानात वापरायला सांगते, आणि परभणीचा मे महिना दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस अंश दाखवतो. आम्ही दुपारी बारा ते पाच ते कपाटात ठेवतो, डॉकवर लावून खेळणे तर उन्हाळ्यात रात्रीच. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण निन्टेंडोच्या तापमानतक्त्यापर्यंत पोहोचलेली नाही.

यात एक चमत्कारिक गंमत आहे. माझ्या पिढीने परभणीत मारिओ पाहिला तो नव्वदच्या दशकात, बसस्थानकामागच्या पार्लरमध्ये, तासाला पाच रुपये देऊन. यंत्र निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉम या कन्सोलची नक्कल असे, पिवळी कॅसेट फुंकून घातली की चाले, आणि कंपनीचे नाव आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणजे गिऱ्हाईक तयार होते, माल आवडत होता, फक्त मूळ मालकाला त्याचा पैसा मिळाला नाही. तीस वर्षांनी ती जागा फोनने घेतली आहे. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, त्याचा भारतीय अवतार जुलै २०२१ मध्ये आला, आणि माझ्या वर्गातील मुले कधीही, कुठेही, फुकट खेळतात. स्विचचा परभणीतील प्रतिस्पर्धी प्लेस्टेशन नव्हे, दहा हजारांचा फोन आहे, आणि त्या लढतीत निन्टेंडो खरोखरच स्पर्धा करत नाही, कारण ती हजरच नाही. दाजींच्या वाक्याला मी जोडतो ती पुस्ती हीच: गाळा दुसऱ्या पेठेत असणे हे शहाणपण असू शकते, पण आपल्या पेठेतल्या गिऱ्हाइकाला त्याची किंमत सैल अडॅप्टरने मोजावी लागते.

राहिला स्विच २. तो ५ जून २०२५ रोजी अमेरिकेत ४५० डॉलरला आला, पहिल्या चार दिवसांत ३५ लाख विकला गेला, पडदा ७.९ इंचांचा आणि १,०८० ओळींचा आहे, ताकद कितीतरी जास्त. भाच्याला तो हवा आहे. मी दोन गोष्टींसाठी हात आखडता घेतला आहे. एक म्हणजे त्याच्या अनेक गेमच्या कार्ट्रिजमध्ये आता गेम नसतो, फक्त किल्ली असते, आणि गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो, म्हणजे आमच्यासारख्यांसाठी कार्ट्रिजचा मुख्य गुणच गेला. दुसरे म्हणजे जपानमध्ये २०२५ मध्ये त्याची ४९,९८० येनची एक स्वस्त आवृत्ती आली, ती केवळ जपानी भाषेत आणि जपानी खात्यावर चालते, तर बहुभाषी आवृत्ती तेव्हा ६९,९८० येनची होती. आयातीचा माल घेताना कोणी फारच स्वस्त देऊ लागला, तर पेटीवर कोणती आवृत्ती आहे ते आधी पाहा. बॅटरीही कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे दोन ते साडेसहा तास आहे, म्हणजे भारनियमनाच्या हिशेबात मागे गेली. ताकदवान चिप, चढी किंमत, थोडकी बॅटरी, ही सगळी लक्षणे ज्या पेठेतून कंपनी निघून गेली होती त्या पेठेची आहेत. भाच्याला हे दाखवल्यावर तो प्रथमच काही वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ''पण मारिओ कार्टचा नवीन भाग त्याच्यावरच हाये ना मामा.''

ज्यांच्या घरात लहान-थोर एकत्र बसतात, इंटरनेट बेभरवशाचे आहे आणि वीज येते-जाते, त्यांनी स्विच ओएलईडी जरूर घ्यावा, मात्र समोर चालू करून आणि दोन्ही जॉय-कॉन तपासून घ्यावा. ज्यांना क्रिकेट, फुटबॉल आणि चकचकीत चित्र हवे आहे त्यांनी प्लेस्टेशनकडे जावे. एकट्या मुलासाठी घेत असाल तर गेमच्या किमतींचा विचार आधी करा.

गेल्या महिन्यात भाच्याचा झेल्डा संपला आणि त्याने वर्षभर खेळलेले ते कार्ट्रिज नांदेडच्या एका मुलाला विकायला काढले. घेताना ते ३,६०० रुपयांना पडले होते. त्या मुलाने घासाघीस करून २,९०० दिले, आणि पैसे घेऊन भाचा सरळ वडिलांच्या गादीवर गेला, त्यांच्यासमोर नोटा मोजल्या. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झालेला असताना मोंढ्यात चार हजारांच्या आसपास व्यवहार करून दमलेल्या दाजींनी त्या नोटा पुन्हा एकदा स्वतः मोजल्या आणि विचारले, ''त्या जपान्यांना म्हणावं, भुसारात उतरता का?''